म्हातारपणाचे स्थळ

पाहण्याची विद्या आपल्या समाजात फार जुनी आहे. मुलीसाठी स्थळ पाहताना घरची माणसे, मुलाची मिळकत, घराण्याची रीत आणि सासूचा आवाज यांची परीक्षा कशी करावी, हे सांगणारे एखादे वडीलधारे माणूस प्रत्येक कुटुंबात असे. बैल घ्यावयाचा तर त्याचे दात मोजावे, जमीन घ्यावयाची तर तिच्यातील विहीर वैशाखात पाहावी, बिऱ्हाड करावयाचे तर आधी शेजाराची चौकशी करावी, असे ठोकताळे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. परंतु अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध माणसासाठी शुश्रूषागृह पाहावयाचे झाले, तर त्याचा ठोकताळा कोणापाशीच नाही. आजीने तो आईला शिकविला नाही. कारण आजीला त्याचे कारणच पडले नव्हते. आज हा प्रसंग मध्यमवर्गीय कुटुंबांत वरचेवर येऊ लागला आहे. आणि मुलीचे स्थळ पाहताना जी चौकस बुद्धी आपण दाखवितो, तिचा दशांशही या म्हातारपणाच्या स्थळाच्या वाट्यास येत नाही.

आम्हांला ही पाहणी गेल्या वर्षी करावी लागली, ती हर्णे येथील आमच्या काकूंसाठी. काकूंचे वय ८३. काका जाऊन बरीच वर्षे झाली, मूलबाळ नाही. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो अशा घरात त्या एकट्या, परंतु मोठ्या दिमाखाने राहत. एके सकाळी मागल्या दारच्या पायरीवर पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले. तथापि पूर्वीचे चालणे परत आले नाही. उठविण्यास एक माणूस, बसविण्यास दुसरे, आणि रात्री कूस बदलण्यास तिसरे, अशी स्थिती झाली. मोठे रुग्णालय म्हणजे दापोलीचे, सुमारे १६ किलोमीटरांवर. शेजारच्या बायकांनी तीन महिने जे केले, ते सख्ख्या लेकींनी केले नसते. परंतु शेजारधर्मालाही शेवटी स्वतःची चूल, स्वतःची सासू आणि स्वतःचे दुखणारे गुडघे असतात.

यात हर्णेचे काही विशेष आहे असे नाही. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १६ लाख ९७ हजार होती; ती २०११ च्या शिरगणतीत सुमारे १६ लाख १५ हजार भरली. देशाची संख्या फुगत असताना जो जिल्हा आकसतो, त्यातून कोण गेले आणि कोण उरले हे सांगावयास नको. मुंबईला जाण्याची आमची वाट जुनी. पूर्वी ती बोटीने होती, आता एस. टी. ने आणि रेल्वेने आहे. कमावते हात त्या वाटेने जातात, आणि गणपतीपुरते परत येतात. मागे राहतात ती घरे आणि त्यांची राखण करणारी म्हातारी माणसे. त्या माणसांचीच राखण करण्याची वेळ आली म्हणजे मुंबईतल्या दोन खोल्यांत एकमेकांची तोंडे पाहिली जातात.

आमच्याही घरी ती पाहिली गेली. नोकरीवर जाणाऱ्या सुना, तिसऱ्या मजल्यावरचे बिनलिफ्टचे घर, ब्यूरोकडून येणारी आणि महिन्यात तीनदा बदलणारी बाई, या सर्वांचा हिशेब मांडून झाल्यावर एकाने तो शब्द उच्चारला, आणि खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही.

वृद्धाश्रम हा शब्द आमच्याकडे अजून आवाज खाली आणून बोलला जातो. थकल्या जीवाला संस्थेच्या आश्रयास ठेवणे आपल्या लोकांस अपरिचित होते, असे मात्र नव्हे. मुंबईत १८३४ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई प्रभृतींनी निराधार जनावरांसाठी पांजरपोळ काढला. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या दानातून एकोणिसाव्या शतकातच अनाथ व पंगू माणसांसाठी गृह निघाले. ते आज ‘निवारा’ या नावाने चालू आहे. परंतु ही सोय ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी, अशी आपली समजूत. आणि ज्याला माणसे आहेत त्याने तेथे जाणे म्हणजे त्या माणसांच्या तोंडाला काळे. ही समजूत बरी की वाईट, याचा खल आम्ही येथे करीत नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते तिच्या एका परिणामाविषयी. जे काम लाजेने करावयाचे ते घाईने होते, आणि डोळे झाकून होते. दूरध्वनीवर दर विचारावा, चित्रांचे पत्रक पाहावे, अनामत भरावी, संध्याकाळच्या वेळी गाडी दाराशी लावावी आणि मागे न पाहता परतावे, अशा रीतीने कित्येक सज्जन माणसे आपल्या आईवडिलांस पोहोचवून येतात. त्यांचे प्रेम कमी असते असे नाही. लाज त्यांना पाहू देत नाही. आणि जेथे पाहणारे डोळे खाली घालून येतात, तेथे निष्काळजीपणाचे चांगले फावते.

हर्णेजवळच्या मुरूडचेच उदाहरण घ्या. तेथे वाढलेल्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा त्याच मुरूडने त्यांना वाळीत टाकले. पुढे १८९६ मध्ये त्यांनी पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला, तो १९०० मध्ये हिंगण्यास नेला. त्या घरालाही आरंभी लाज चिकटलेली होतीच. ती गेली कशाने? आमच्या मते, मोठा भाग उघडेपणाने. आश्रमाचे अहवाल छापले जात, पै-पैचा हिशेब लोकांपुढे येई, कोणीही जाऊन पाहावे अशी मोकळीक असे. घराची अब्रू झाकण्याने राहत नाही, पाहू देण्याने राहते, हा धडा आमच्या शेजारगावच्या माणसाने घालून दिला. तो आम्ही बरोबर घेतला आणि पाहणीस निघालो.

तत्पूर्वी सरकार यात काय पाहते, याचीही चौकशी केली. मुंबई राज्याने १९४९ मध्ये शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा केला, आणि पुढे तो महाराष्ट्राचा झाला. आजारी वा अशक्त माणसांना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा करणाऱ्या गृहाने त्यान्वये नोंदणी करावी लागते, आणि अधिकाऱ्यास आत जाऊन तपासणी करण्याचा अधिकार असतो. मातापित्यांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा केंद्राचा कायदा २००७ चा. निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा एकेक आश्रम राज्याने प्रत्येक जिल्ह्यात काढावा आणि आश्रमांच्या दर्जाचे नियम करावे, असे त्यात सुचविले आहे. २०१८ च्या डिसेंबरात अश्विनीकुमार यांच्या अर्जावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने कोणत्या जिल्ह्यात किती आश्रम आहेत याची माहिती गोळा करण्यास सांगितले. २०१९ च्या डिसेंबरात खाजगी आश्रमांवरही नोंदणीची व किमान दर्जाची सक्ती करणारे विधेयक लोकसभेत आले. परंतु त्याचा कायदा होण्यापूर्वीच, २०२४ मध्ये, ती लोकसभा संपली. मिळून काय, तर पाटीवर ‘रुग्णालय’ असेल तेथे कायद्याचा एक दरवाजा आहे. आणि पाटीवर ‘वृद्धाश्रम’ असून आत दहा माणसे नाकात नळी घालून पडलेली असतील, तेथे तो दरवाजा कोणता, हे शोधीत बसावे लागते. तेव्हा पाहावयाचे ते आपणच.

पहिले गृह एका मोठ्या शहराच्या उपनगरात होते. आम्ही दिवस व वेळ कळवून गेलो होतो. अंगणात रांगोळी, भिंतीवर विठ्ठलाचे चित्र, दिवाणखान्यात पेटी आणि तिच्याभोवती स्वच्छ कपड्यांतील सहा आजीआजोबा. व्यवस्थापकांनी भजनाचे वार, सहलींची छायाचित्रे आणि जेवणाची आठवड्याची यादी दाखविली. पडून असलेल्या माणसांची खोली पाहू का, असे विचारताच ते किंचित थबकले आणि आम्हांस दारापर्यंत घेऊन गेले. दाराशीच एक तक्ता लटकत होता. दर दोन तासांनी कूस बदलल्याची त्यात नोंद होती. प्रत्येक रकान्यात एकाच शाईची, एकाच हाताची, सुबक सही. त्या वेळी दुपारचे तीन वाजले होते. पाचच्या रकान्यातही सही झालेली होती.

आम्ही काही बोललो नाही. परत येताना मात्र हर्णेचा लिलाव आम्हांस आठवला. संध्याकाळी होड्या येतात, किनाऱ्यावर मासळीचे ढीग पडतात, लिलाव पुकारला जातो, आणि मग कोळणींच्या पाट्यांपुढे घरगुती गिऱ्हाइकांची गर्दी होते. काकू पन्नास वर्षे त्या गर्दीत जात आल्या. पापलेट कितीही चकचकीत असो, त्या चकाकीकडे त्या पाहतच नसत. बर्फाने आणि पाण्याने कोणतीही कातडी चमकते. त्या कल्ला उचलून आतला रंग पाहत, अंगाला बोट दाबून खळगा भरतो की नाही ते पाहत, डोळा स्वच्छ आहे की गढूळ ते पाहत, आणि मग भाव करीत. विकणारीला जे सजविता येत नाही तेवढेच खरे, ही त्यांची परीक्षा. आम्हांस वाटले, शुश्रूषागृहालाही कल्ला असलाच पाहिजे. तो कोठे आहे हे शोधावे.

परिचयाच्या एका वयस्क परिचारिकेस आम्ही विचारले. तिने हातातील काम न थांबविता सांगितले, “टाचा बघा.” या दोन शब्दांचा अर्थ पुढे कळला. पडून असलेल्या माणसाची कूस वेळेवर बदलली नाही, म्हणजे माकडहाड, खुबे आणि टाचा येथली कातडी दबून रक्त खेळेनासे होते. आधी लाली येते, आणि बोटाने दाबल्यावरही ती पांढरी पडत नाही. मग कातडी फुटते, आणि ती जखम हाडापर्यंत जाते. हिलाच शय्याव्रण म्हणतात. तक्त्यावर सही करता येते, टाचेवर करता येत नाही. म्हणून त्या माणसाची परवानगी घेऊन, पांघरुणाचे टोक बाजूला करून टाच पाहावी. तसेच नखे पाहावी. ती आठ दिवसांत कापली गेली आहेत की महिन्यात, हे लपत नाही. पाण्याचा पेला उशाजवळ आहे, की पलीकडच्या टेबलावर, हे पाहावे. पुष्कळ वृद्ध माणसे पाणी नसल्याने नव्हे, तर हात न पोहोचल्याने तहानलेली राहतात. वजनाची वही मागावी. दर महिन्यास वजन होत असेल आणि उतरलेल्या वजनापुढे काय केले तेही लिहिले असेल, तर त्या घरात कोणी तरी विचार करीत आहे असे समजावे. कोणाचे हात पलंगास बांधलेले आहेत काय, आणि असतील तर कोणाच्या लेखी हुकुमाने, हे स्पष्ट विचारावे. वास घ्यावा; मूत्राचा वास सकाळी असणे हे अपराधाचे लक्षण नव्हे, तोच वास गादीत मुरलेला असणे हे आहे. आणि चोवीस तास नुसता फिनेलचाच वास येत असेल, तर तो कशावर ओतला आहे याची शंका घ्यावी.

या गोष्टी क्षुल्लक वाटतील. परंतु फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईने शुश्रूषेचे शास्त्र उभारले ते अशाच क्षुल्लक गोष्टींवर. खिडकी, चादर, पेला, आवाज यांवर तिने १८५९ मध्ये पुस्तक लिहिले. पुढे आपल्या गावांच्या आरोग्यासंबंधी पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार झाला. रुग्णालयाने रोग्याचे निदान नुकसान तरी करू नये, ही अपेक्षा तिने सर्वांच्या आधी ठेवली. ती आजही पुष्कळ ठिकाणी महत्त्वाकांक्षा वाटावी, एवढे खरे.

सुरक्षिततेचा दुसरा भाग आगीचा. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आग लागून १० अर्भके गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरास तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागात ११ रोगी दगावले. अर्भक आणि अंथरुणावरचा वृद्ध यांत एक साम्य आहे. दोघांनाही स्वतः उठून पळता येत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, द्यावे लागते. ते पाहावयास मागावे. पण त्याहून अधिक महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्या जिन्याचे दार ढकलून पाहावे. तिसऱ्या प्रश्नाची आठवण आम्हां कोकणच्या माणसांस वेगळी द्यावी लागत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्याकडे झाडे आणि विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक घरे अनेक दिवस अंधारात राहिली. वीज गेली म्हणजे हवेच्या गादीचा पंप थांबतो, पाण्याची टाकी भरत नाही, प्राणवायूचे यंत्र बंद पडते. ‘आठ दिवस वीज नसली तर काय कराल?’ हा प्रश्न आम्ही सर्वत्र विचारला. एके ठिकाणी उत्तर मिळाले, ‘आमच्याकडे वीज जात नाही.’ त्या गृहात खालच्या मजल्यावरील मागले दार बाहेरून कुलूपबंद होते. तेथे आम्ही दहा मिनिटांपेक्षा अधिक थांबलो नाही.

परदेशांत ही पाहणी राज्यकर्त्यांनी आपल्या अंगावर घेतली आहे. इंग्लंडात २००९ पासून एक आयोग शुश्रूषागृहांत न कळविता तपासनीस पाठवितो, त्यांची प्रतवारी लावतो, आणि २०१५ पासून ती प्रत गृहाने दर्शनी भागी लावलीच पाहिजे. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने ठरवून दिलेली तपासणी अधिकात अधिक १५ महिन्यांनी होते, आणि २००८ पासून गृहांना तारे दिले जातात. परंतु तेथेही एक मौज झाली. माणसे किती कामावर आहेत याची माहिती प्रथम गृहे स्वतःच देत. २०१६ पासून ती पगारपत्रकावरून घेण्यास आरंभ झाला. म्हणजे पाचाच्या रकान्यात तीनलाच सही करणारा हात केवळ आपल्याकडचा आहे असे नाही. फरक एवढाच की त्यांनी तो ओळखून पगाराची वही मागितली. आपणही मागावी. किती माणसे ‘आहेत’ असे न विचारता, काल रात्री कोण कोण होते, त्यांची नावे सांगा, असे विचारावे.

आम्हांस पसंत पडलेले गृह कोकणातच, घाटाच्या पायथ्याशी आहे. तेथे आम्ही न कळविता सकाळी साडेआठास गेलो. भिंतींचा चुना उडालेला. भजनाची पेटी नाही, रंगीत पत्रक नाही. कोणी आम्हांस दारात अडविले नाही, कारण सर्वांचे हात गुंतलेले होते. एक मावशी एका आजींची कूस बदलीत होती. अंगाला हात लावण्यापूर्वी ती म्हणाली, “आजी, आता भिंतीकडे वळूया हं, मी धरलंय.” त्या आजींस ऐकू येत होते की नाही, कोण जाणे. मावशीला मात्र त्याने काही फरक पडत नव्हता. आम्ही टाचा पाहिल्या. दोघांच्या टाचांखाली घडी घातलेले मऊ पटकूर होते आणि कातडी धड होती. एका वृद्धाच्या कमरेवर जखम होती. ती त्यांनी आपण होऊन दाखविली, रुग्णालयातून आला तेव्हाच होती असे सांगितले, आणि दर आठवड्याला मोजलेली तिची लांबी-रुंदी वहीत दाखविली. ती कमी होत चालली होती.

त्या मावशीशी पुष्कळ बोलणे झाले. बारा तासांची पाळी. घर चार मैलांवर. घरी स्वतःची सासू पडून, तिला धाकटी जाऊ पाहते. रात्री २६ माणसांमागे दोघीच असतात, हे तिने न लपविता सांगितले. आमच्या मध्यमवर्गीय मनास येथे एक टोचणी लागली. ज्या हातांवर आपली काकू सोपवावयाची, त्या हातांना मिळणारे वेतन आपण एका जेवणाच्या आमंत्रणावर खर्च करतो त्याच्या किती पट असेल, याचा हिशेब आम्ही मनातल्या मनात केला, आणि तो येथे लिहिण्याजोगा नाही. स्वस्त दर आणि चांगली शुश्रूषा ही दोन्ही एकदम मागणारे गिऱ्हाईक पाणी मारलेल्या मासळीस पात्र असते.

निर्णय करण्यापूर्वी आम्ही काकूंनाच तेथे नेले. वाहनातून उतरून चाकांच्या खुर्चीत बसविताच त्यांनी चौफेर अशी नजर टाकली की बंदरावरच्या पाट्यांची आठवण व्हावी. व्यवस्थापक पुढे आले, त्यांचा नमस्कार त्यांनी घेतला, आणि त्यांस काहीएक न विचारता खुर्ची खोलीतल्या दुसऱ्या खाटेजवळ न्यावयास सांगितली. खाटेवरच्या बाईस त्यांनी विचारले, “रात्री हाक मारली तर कोण येतं?”

ती बाई काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “येतात. वेळ लागतो, पण येतात.”

काकूंनी हे उत्तर तोलून पाहिले. “लगेच येतात म्हणाली असती तर मी नाही राहिले,” असे त्या आम्हांस हळूच म्हणाल्या, आणि मोठ्याने, “मग चालेल.”

‘वेळ लागतो’ हे शब्द मात्र आमच्या मनातून जाईनात. त्याच आठवड्यात एका रात्री साडेअकरास आम्ही तेथे गेलो. दार उघडले गेले. दिवा मंद होता, दोघी जाग्या होत्या, आणि एकीकडे हाक येत असताना दुसरीकडे त्या गुंतल्या होत्या. त्यांचा दोष नव्हता; माणसेच अपुरी होती. व्यवस्थापकांचे म्हणणे सरळ होते: तिसरी बाई ठेवावयाची तर प्रत्येकाचा दर चढेल, आणि दर चढला तर चार माणसे घरी परत जातील, त्या घरी पाहणारे कोणी नाही. तेव्हा आम्ही तेथे राहणाऱ्यांच्या नातलगांचे पत्ते व्यवस्थापकांमार्फत मिळवून त्यांना पत्रे लिहिली. अकरा कुटुंबांनी आपल्या खुशीने थोडा अधिक वाटा उचलला. बाकीच्यांवर भार पडला नाही. रात्रीची तिसरी मावशी आली. हे फार मोठे कार्य झाले असे आम्ही मानीत नाही. परंतु त्या अकरा कुटुंबांनी एकमेकांस प्रथमच पाहिले, आणि लाजेने खाली गेलेल्या माना थोड्या वर झाल्या, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले.

आता आमच्या घरात पाळ्या ठरल्या आहेत. मुंबईचे चार, पुण्याचे दोन आणि चिपळूणचा एक, अशा सात जणांत महिन्याचे दिवस वाटलेले आहेत. कोण कोणत्या दिवशी जाईल हे गृहाला कळवावयाचे नाही, आणि कोणी गेलेच नाही असा आठवडा जाऊ द्यावयाचा नाही. सरकारचा तपासनीस आला तर आनंदच आहे. पण तो वर्षातून एकदा येईल, आणि शय्याव्रण दोन दिवसांत होते. ज्याच्याकडे माणसे येतात त्याची चादर आधी बदलली जाते, हे कटू असले तरी खरे आहे. म्हणून आमच्यातला जो जातो तो शेजारच्या खाटेवरच्या, कोणी न येणाऱ्या बाईशीही पाच मिनिटे बोलून येतो. तिच्याही टाचा पाहतो.

गेल्या खेपेस आमची पाळी होती. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली. काकूंनी हर्णेची खबर विचारली, होड्या बाहेर पडल्या का, घराची कौले कोणी चाळली का, मागल्या दारची पायरी दुरुस्त केली का. आम्ही रिवाजाप्रमाणे टाचा पाहिल्या, नखे पाहिली, वजनाची वही चाळली. तीन महिन्यांत दीड किलो चढले होते. आम्ही समाधानाने वही मिटतो तोच काकूंनी आमचे मनगट धरले, चिमटीत मापले, आणि डोळ्यांकडे निरखून पाहिले.

“तुझं बाकी उतरलंय रे,” त्या म्हणाल्या. “तिकडं तुला कोण बघतं?”